खिशातले शेंगदाणे

"थांबा! खिसे रिकामे करा!"

शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारातल्या त्या अनोळखी माणसाने घाबरून दोन्ही हात वर केले. केसांत लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल आणि तोंडात... शेंगदाणे!

"चोर नाही हो मी, सुतार आहे. जेवणाचं नवं टेबल करायला आलोय."

"चोर परवडला. दाणे नकोत!"

खिशातून मूठभर दाणे निघाले. ते मी बाहेर टाकायला लावले, त्याला कोपरापर्यंत साबणाने हात धुवायला लावले आणि मग त्याचा तळहात नाकाशी धरून हुंगला. माझ्या स्वयंपाकघरात येणाऱ्या प्रत्येकाला हाच नियम. फक्त हा हात मी जरा जास्तच वेळ धरला, खोटं कशाला बोलू?

मग त्याला सगळं सांगितलं. माझी भाची याच शाळेत शिकते. दाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचा घसा सुजतो, श्वास अडकतो. म्हणून ती एकटी कोपऱ्यात जेवते. तिच्या जिवलग मित्राला सगळे कॅप्टन म्हणतात. त्याची व्हीलचेअर टेबलाखाली जात नाही, म्हणून तो मांडीवर ताट घेऊन भिंतीपाशी बसतो. मोठ्या बाईंच्या हातापाया पडून मी एक शुक्रवार मिळवला होता. त्या दिवशी सगळी मुलं एकत्र जेवणार, सगळ्यांना बिनदाण्याचं. काही बिनसलं तर पुन्हा आपापले कोपरे.

तो गंभीर झाला. लगेच जाऊन त्याने कॅप्टनलाच विचारलं, "साहेब, टेबल किती उंच हवं?" त्या क्षणी मला तो आवडला. झालं, गेले मी कामातून!

टेबल मागच्या अंगणात तयार होत होतं. तरी हा रोज दारात हजर, हात पुढे करून.

"तपासणी..."

"तुमचं इथे काय काम?"

"नियम म्हणजे नियम!"

सगळी शाळा मला ताई म्हणते. हा पठ्ठ्या चुकूनही म्हणत नव्हता.

शुक्रवार उजाडला. कॅप्टनची खुर्ची टेबलाखाली अलगद सरकली, शेजारी माझी भाची. दोघांची बडबड थांबेना. आणि अचानक ती खोकायला लागली... चेहरा लालबुंद! औषधाचं इंजेक्शन घेऊन मी धावले.

"मावशी, याने हसवलं! पाणी नाकात गेलं!"

मोठ्या बाईही हसल्या. "सोमवारपासून असंच बसवा," त्या म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात येऊन रडले, हसले, पुन्हा रडले. दारात तो उभा होता, हात पुढे करून. आज साबणाआधीच मी तो हुंगला. नुसता लाकडाचा वास...

"दाणे?"

"सोडले."

"कधी?"

"तुम्ही पहिल्यांदा हात धरलात, त्याच दिवशी."

"मग रोज तपासणीला कशाला येत होतात?"

"सांगितलं असतं... तर धरला असतात का?"

माझे कान तापले. "तपासणी बंद नाही होणार," मी कशीबशी म्हणाले. "जन्मभर करावी लागेल. चालेल?"

"पळेल!"

तेवढ्यात मागून भाचीचा आवाज आला, "मावशी, हुंगून झालं ना? मग सोड की हात!"

मी नाही सोडला.