दर पंधरा मिनिटांनी

मार्च महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, पाणीपुरवठा खात्याच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत दोन माणसे प्रथमच समोरासमोर आली. आणि त्यांतल्या पुरुषाने स्त्रीला उद्देशून उच्चारलेले पहिले वाक्य असे होते:

“जरा श्वास रोखून धरता का?”

मागणी वाजवी होती. तो काटेवाला होता. म्हणजे प्रयोगशाळांतले सूक्ष्म वजनकाटे खरे बोलतात की खोटे, हे ठरवणारा तपासनीस. त्याच्या चिमट्यात तिळाएवढे वजन होते, आणि त्या काट्याला जवळ उभ्या असलेल्या माणसाचा उच्छ्वासही जाणवत असे. तिने श्वास रोखला. काचेच्या पेटीतला आकडा थरथरला, स्थिरावला… आणि तरीही काटेवाला गप्पच.

“सोडू का?” तिने ओठ फारसे न हलवता विचारले.

“केव्हाच सोडायला हवा होता. आकडा येऊन बराच वेळ झाला.”

“मग सांगितलं का नाही?”

“एवढं मनावर घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं — म्हणून जरा बघत होतो.”

गावाला मिळणारे पाणी रोज तपासणे हे तिचे काम. सकाळी चाळीस बाटल्या येत, संध्याकाळपर्यंत चाळीस आकडे जात. प्रयोगशाळेतली जोडीदारीण निवृत्त झाल्याला सहा वर्षे झाली होती. तिची खुर्ची रिकामी होती आणि आता तिच्यावर मोजमापाच्या नळ्या वाळत. एकटेपणा म्हणजे माणसांचा अभाव, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. खाली हॉलमध्ये तीस माणसे काम करीत होती आणि तिच्या आकड्यांवाचून त्यांचे पान हलत नसे. परंतु आकडा पोचला की तो कोणी काढला, हे विचारण्याचे कारण कोणालाच उरत नसे.

निघताना काटेवाल्याने एक चिठ्ठी पुढे केली. “माझं वेळापत्रक इंटरनेटवर असतं. ही लिंक तुमच्या मेलमधल्या कॅलेंडरला जोडून ठेवा. मी इकडे फेरफार केला की तिकडे आपोआप दिसेल.”

“आणि मी फेरफार केला तर?”

“तुम्हाला करताच येणार नाही. तुम्ही फक्त बघायचं.”

“म्हणजे कारभार एकतर्फी.”

“मॅडम, तपासनीस आणि गिऱ्हाईक… दुसरं काय असणार?” तो हसला. वजनांची पेटी उचलताना त्याचा एक खांदा किंचित खाली गेला, आणि जिना उतरेपर्यंत तो तसाच राहिला, हे तिच्या ध्यानात आले.

वेळापत्रकातल्या प्रत्येक भेटीखाली टिपांसाठी जागा होती. काटा आदल्या दिवसापासून चालू ठेवावा, टेबल हलवू नये, अशा सूचनांसाठी ती असते. त्या कोणी वाचत नाही हे गृहीत धरून काटेवाला तिथे मन मोकळे करीत असे.

“पूल बंद. वळसा घालून येतो, वीस मिनिटे उशीर धरावा.”

“साबणाचा कारखाना. काटा उत्तम, मालक दोन ग्रॅमने हलका.”

“दुपारी तळ्याकाठच्या बाकावर पाव खाल्ला. शेजारी कोणी नव्हते. बदकांनीही पाठ फिरवली.”

ती वाचत असे. सुरुवातीला कॅलेंडर दिवसातून एकदा ताजे होई, तिकडचे फेरफार आणी. तिने ते तासाला एकदा केले, आणि एप्रिल संपता संपता दर पंधरा मिनिटांनी. कामाच्या दृष्टीने हे बरे, असे तिने स्वतःला पटवले; आणि स्वतःला पटवण्यात ती तरबेज होती.

रविवारी वहिनीचा फोन येई. दादा-वहिनी दूर राहत, वहिनीचा प्रश्न ठरलेला, “नवीन काय?” आणि उत्तरही ठरलेले, “काही नाही.” एका रविवारी मात्र तिच्या तोंडून निसटले, “तळ्यावरची बदकं सध्या रुसलीत.”

“अगंबाई, तू तळ्यावर कधीपासून जायला लागलीस?”

“मी नाही जात…”

“मग कोण जातं?”

तिने विषय बदलला. वहिनीने तो बदलू दिला, पण मनात नोंद करून ठेवली.

जूनमध्ये तो दुसऱ्यांदा आला. काटा तपासला, प्रमाणपत्र लिहायला घेतले, आणि मान वर न करता विचारले, “वेळापत्रक दिसतं ना नीट?”

“दिसतं.”

“टिपासुद्धा?”

आता खरे सांगायचे म्हणजे बदके, पाव, रिकामा बाक, सगळे आपल्याला पाठ आहे असे कबूल करणे आले. तिची मान ताठ झाली. “टिपा कोण वाचतं?”

“खरंय,” तो म्हणाला, आणि सही करू लागला. सहीला नेहमीपेक्षा वेळ लागला.

सहा जुलैला खात्यात नवे कॉम्प्युटर आले. कॅलेंडर नव्यावर नेण्याचे काम दुसऱ्या कोणाच्या हाती देणे तिला परवडण्यासारखे नव्हते. तिने लिंक उघडली, फाइल उतरवून घेतली आणि नव्या कॉम्प्युटरवरच्या मेलमध्ये भरली. सगळ्या भेटी जागच्या जागी आल्या, टिपांसकट. जुन्या-नव्यात एका अक्षराचा फरक नव्हता, आणि नेमकी गोम तिथेच होती.

कारण त्या दिवसापासून नवी टीप आली नाही.

आठवडा गेला, महिना गेला. बारा सप्टेंबरची स्वतःच्या प्रयोगशाळेची भेट दिसत होती, परंतु तिच्या अलीकडे सारे जुलैच्या आरंभी होते तसेच. आपल्या त्या एका वाक्याने त्याचे लिहिणे थांबले, असा निष्कर्ष तिने काढला, आणि त्याला आधार म्हणून जूनमधली ती लांबलेली सही पुनःपुन्हा आठवली. प्रमाणपत्रावर त्याचा फोन नंबर होता. पण विचारायचे काय? टिपा कोण वाचतं म्हणणाऱ्या बाईने टिपा का थांबल्या असे विचारायचे? पाण्यातला दोष ती थेंबावरून ओळखे. मात्र या प्रकरणात तिला एकाच ठिकाणी दोष दिसत होता, आणि ते ठिकाण म्हणजे ती स्वतः.

बारा सप्टेंबरला तिने काटा आदल्या दिवसापासून चालू ठेवला. नळ्या काढून जुनी खुर्ची पुसली. अकरा वाजले, एक वाजला, तीन वाजले. बाहेर बारीक पाऊस होता आणि गाळ बसवण्याच्या टाक्यांवर असंख्य वर्तुळे उमटत होती, मिटत होती. चार वाजता ती खाली मावशींकडे गेली.

मावशी नात्याने कोणाच्याच मावशी नव्हत्या. खात्यातले सगळे कॉम्प्युटर त्या सांभाळत आणि सगळ्यांना अरे-तुरे करीत. तिने आपला मेल त्यांच्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवला. त्यांनी चष्मा नाकावर ओढून पडद्याकडे पाहिले.

“हे जोडलंय कुणी?”

“मीच.”

“जोडलेलं नाहीये हे. तू प्रत उतरवून घेतलीस. लिंक जोडली की कॅलेंडर जाऊन विचारत राहतं, काही बदललं का, काही बदललं का. प्रत काही विचारत नाही. जशी घेतलीस तशी पडून राहते.”

“म्हणजे तिकडे… काही लिहिलं असेल, तर?”

“तर ते तिकडेच असणार. चिठ्ठी आहे ना लिंकची? दे.”

मावशींनी लिंक जोडली. क्षणभर काही झाले नाही. मग दोन महिने एकदम आले.

“आठ जुलै. हे वेळापत्रक माझ्या घरच्या कॉम्प्युटरवरून जाते आणि कोण किती वेळा विचारणा करतो याची नोंद तिथे होते. इतर गिऱ्हाइके दिवसातून एकदा, पाणीपुरवठा खाते दर पंधरा मिनिटांनी. परवापासून ते थांबले. टिपा कोणी वाचत नाही हे जूनमध्ये खोटे होते. आता खरे झाले. खोटे होते तेव्हा बरे वाटत असे.”

“अठ्ठावीस जुलै. बदके परतली. सांगायला कोणी नाही.”

“दोन सप्टेंबर. दूरच्या विभागात वर्षभरासाठी जागा आहे. अर्ज दिला. थांबण्यासारखे काही दिसत नाही.”

“नऊ सप्टेंबर. बदली मंजूर, पंधरापासून. पाणीपुरवठा खात्याची तपासणी नवा माणूस वीस तारखेला करील.”

बारा तारखेची भेट नाहीशी झाली होती. ती मावशींकडे वळली.

“मावशी, मला माझं कॅलेंडर काढून कोणाला तरी पाठवता येईल? आत्ता?”

“येईल की. काय लिहायचंय?”

“तपासणी.”

“काट्याची?” मावशींनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता खुर्ची रिकामी करून दिली.

तिने एकच नोंद केली: तेरा सप्टेंबर, सकाळी अकरा. टिपांच्या जागी लिहिले: “काटा ठीक आहे, तरी यावे. मार्चपासूनच्या सगळ्या टिपा वाचल्या. जुलैपासूनच्या आज मिळाल्या; चूक माझ्या हातची. जूनमध्ये खोटे बोलले, तेही मीच.” लिंक काटेवाल्याला मेलने गेली. वीस मिनिटांनी मावशी आपल्या पडद्याकडे पाहत म्हणाल्या, “एक कॉम्प्युटर विचारतोय.” आणि आणखी पंधरा मिनिटांनी, “परत विचारतोय. दम नाही याला.”

दुसऱ्या दिवशी तो अकराला दहा मिनिटे असतानाच दारात उभा होता. वजनांची पेटी बरोबर नव्हती, आणि दोन्ही खांदे सारखे होते.

“काटा ठीक आहे म्हणता. मग मी बघायचं काय?”

“बसा तरी आधी,” ती म्हणाली. पुसलेली खुर्ची त्याच्या वाट्याला आली. “मला वाटलं, तुम्ही रागावलात.”

“मला वाटलं, तुम्हाला कंटाळा आला.”

“फोन करायचा होतात.”

“काय विचारायला? की तुमचा कॉम्प्युटर माझी चौकशी का करत नाही?”

तिला हसू आले, आणि ते पुरते येण्याआधीच डोळे भरले. “बदली रद्द नाही का होत?”

“नाही. सही झाली. वर्षभर.”

“तिकडे… तळं आहे?”

“ठाऊक नाही. असलं तर कळवीन.”

“टिपेत?”

“टिपेत नको,” तो म्हणाला. “फोन करीन. मला तुम्ही आवडता, हे मी तीनदा टिपेत लिहिलं आणि तीनदा पुसलं. तिथे लिहून काय — तुम्हाला उत्तर देता आलं नसतं.”

“आता देता येईल,” ती म्हणाली. उत्तर तिने हाताने दिले. टेबलावरच्या त्याच्या बोटांवर आपली बोटे ठेवली आणि बराच वेळ उचलली नाहीत.

दुपारच्या गाडीने तो गेला. पंधरा तारखेच्या आत तिकडे हजर व्हायचे होते. टाक्यांमधल्या वाटेवरून जाताना त्याने दोनदा मागे पाहिले, आणि दोन्ही वेळा ती खिडकीत होती. मग वाट रिकामी झाली, बाटल्या चाळीसच्या चाळीस तशाच उभ्या होत्या, आणि खोली पूर्वी होती त्याहून मोठी वाटू लागली.

मावशी काहीतरी निमित्त काढून वर आल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिले, खिडकीबाहेर पाहिले, आणि रिकाम्या खुर्चीत बसल्या.

“माणूस चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “वर्ष मात्र मोठं आहे. दोन्ही खरं आहे.”