बोटाएवढी आय

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. परळच्या आमच्या चाळीत, गेल्या वर्षी चौदा एप्रिलला, भर दुपारी घडलं.

शेवंतीआजी तेव्हा सत्त्याऐंशीची. गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस काढलेली बाई. तिचा नातू गौतम रेझिन नावाच्या टणक प्लास्टिकची, युद्धातली माणसं बनवतो. सैनिक, जखमी, घरदार सोडून पळणाऱ्या बाया... सगळी बोटाएवढी.

एकदा ती म्हणाली, "गौत्या, माझी आय बनव ना."

आय चव्वेचाळीस सालच्या चौदा एप्रिलला, गोदीच्या स्फोटात गेली. तान्ह्या लेकाला, दौलतला निजवून ती नवऱ्याला गोदीत भाकर द्यायला निघाली होती. सहा वर्षांची शेवंती हात धरून रडली, मला पण ने. आयनं हात झटकला...

गेली ती गेलीच.

गौतमनं पळणाऱ्या एका परदेशी बाईची पुतळी घेतली, तिच्या हातातली सुटकेस कापली. पुट्टीचं लुगडं नेसवलं. मिटलेली मूठ उघडी केली आणि आजीच्या हट्टापायी त्या हातात रेझिनचीच एक चिमुकली पोर चिकटवली.

सकाळी पोर खाली पडलेली.

पुन्हा चिकटवली. पुन्हा खाली... तोंडावर.

पितळेची बारीक तार घालून जोडली. तारेसकट निघाली.

"उकाड्यानं ग्लू सुटतो गं आजी. आपण बौद्ध माणसं, भूतबीत मानत नाही."

आजीचा धाकटा भाऊ दौलत खाटेवरून हसला. "आक्का, आयनं तुला तेव्हा नेलं नाही, आता काय नेणार? लाडका तर मी होतो!"

आजीचे डोळे भरले. तिला एवढंच हवं होतं... आयनं एकदा हात धरावा.

जयंतीला दौलतआजोबा निळा फेटा बांधून मिरवणुकीत उतरले. डीजेनं भिंती हादरत होत्या. आजी पुतळीसमोर एकटीच बसली होती.

आणि आवाज थांबला...

सगळाच. डोक्यावरच्या पंख्याचाही.

टक्.

पोर खाली पडली होती.

मग रस्त्यावरून ओरडा आला, "दौलतकाका पडले!"

पाणी आणेपर्यंत ते संपले होते.

खालचे सगळे शपथेवर सांगतात, डीजे क्षणभरही बंद नव्हता.

संध्याकाळी गौतमनं भिंग लावून पाहिलं. रेझिन मोडतं, वाकत नाही. पण आयचा हात... मिटला होता. घट्ट. कुणाला तरी धरल्यासारखा.

आजीची नजर अधू. तिला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

रोज दिवेलागणीला ती पोर तळहातावर घेऊन येते.

"गौत्या, चिकटव रे परत. आज धरेल ती."

गौतम पोर घेतो... आणि आयची मिटलेली मूठ आजीपासून आड धरतो.