एक वाजताची टेकडी

"हव अम्मा, जेवतों. हव, दहीभातच."

यामिनी जागच्या जागी थांबली. तिच्या हातात डबा होता, आणि समोर भिंतीवरच्या पॅनेलपुढे एक अनोळखी तरुण उकिडवा बसून, फोन खांद्यात धरून आईशी बोलत होता. तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या या कारखान्यात येऊन तिला अकरा महिने झाले होते. एवढ्या दिवसांत फोनवर सोडलं तर मराठीचा एक शब्द तिच्या कानावर पडला नव्हता. आणि पडला तो असा! पणजोबांच्या जुन्या पत्रातून कोणी उठून बोलावं तसा.

"तुम्ही मराठी?" तिने विचारलं. आवाज जरा जास्तच चढला.

तो दचकून उभा राहिला. फोन घाईघाईने खिशात गेला. "हव. तंजावर मराठी. कितीक पिढ्या इकडेच आम्ही. मी प्राणेश, हें पॅनेल पाहणारा. तुम्ही?"

"यामिनी. मेहकरची. आतली झाडं पाहणारी."

आत म्हणजे त्या जाड पांढऱ्या दारामागे. तिथे जमिनीपासून छतापर्यंत फळ्या होत्या, फळ्यांवर लेट्यूस आणि बेसिल होतं, आणि डोक्यावर सूर्याऐवजी दिवे. खोली हवाबंद. रोपांना वाढीसाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमधून थोडा थोडा सोडायचा आणि आकडा नऊशेच्या आसपास ठेवायचा, हे पॅनेलचं काम. आकडा उतरला की झडप उघडायची, भरला की मिटायची. इतकं सोपं काम. पण महिनाभर ते यंत्र बिनसलं होतं, असं मालक शेषाद्रींचं म्हणणं होतं.

"हें पाहा," प्राणेशने पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "सकाळभर सपाट. एक वाजतां चढूं लागतें, तेराशेपर्यंत जातें. पावणेदोनला उतरतें. रोज! झडप बंद असतांना. गळती असती तर आकडा उतरला असता. हा काय म्हणून चढतो?"

यामिनीने डबा हळूच पाठीमागे नेला.

"त्या वेळीं आंत कोणी असतें?" त्याने विचारलं.

"कोणी नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कोपराकडे, मग कोपरामागून डोकावणाऱ्या डब्याच्या झाकणाकडे. "माणूस श्वास सोडतो ना, त्यांतही हाच गॅस. ही टेकडी माणसाचीच आहे. एकच माणूस. दोघं असती तर दुप्पट चढली असती... एकटंच कोणी बसतें रोज."

तो हे काही लागावं म्हणून बोलला नव्हता. पण लागलं. एकटेपण ही आपली खाजगी गोष्ट आहे असं तिला वाटत होतं, आणि इथे त्याची रोजच्या रोज रेघ निघत होती!

"मीच बसते," ती म्हणाली. "कँटीनमध्ये सगळ्याजणी तमिळमध्ये हसतात. कशाला हसल्या ते मला कळेपर्यंत जेवण संपतं. म्हणून आत बसते. रोपांशी बोलते. आत जेवायला मनाई आहे, माहीत आहे मला."

"कोणत्या भाषेंत बोलतां?"

"मराठीत. दुसऱ्या कोणत्या?"

"बेसिलला मराठी कळतें?"

"तुमच्यापेक्षा बरं कळतं."

प्राणेश मोकळेपणी हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्त मिटायचा. यामिनीने तो पाहिला, आणि पाहिला याचाच तिला राग आला.

त्या दिवशी त्याने अहवाल लिहिला नाही. तीन आठवडे निरीक्षण करावं लागेल असं शेषाद्रींना सांगून तो गेला, आणि पुढच्या गुरुवारी बरोबर बाराला हजर झाला.

"उद्यापासून मी बाहेर जेवते," यामिनी म्हणाली. "म्हणजे तुमची टेकडी जाईल."

"टेकडी गेली तर मला यायला कारण काय उरतें?"

"मग?"

"मग... जेवा."

ती जेवली. रोज, आतच. आणि दर गुरुवारी तो पॅनेलचं झाकण उघडून बाहेर बसायचा, दार बोटभर उघडं ठेवून. वास्तविक ते मुळीच उघडं ठेवायचं नसतं. त्या फटीतून जवसाची चटणी बाहेर जायची आणि कुठकुठले शब्द आत यायचे.

"अस्के म्हणजे?" ती विचारायची.

"अस्के म्हणजे अस्के. सगळे. तुम्हांला मराठी येत नाही कां?"

अशी तिची थट्टा व्हायची, आणि ती उरलेले सहा दिवस त्या थट्टेवर काढायची. हॉस्टेलच्या खाटेवर पडून छतावरचा पंखा बघताना तिला कळून चुकलं होतं, की आपल्याला आता नुसतं मराठी ऐकायचं नाही, याच माणसाचं ऐकायचं आहे.

तिसऱ्या गुरुवारी मात्र वेळ संपली. शेषाद्रींना अहवाल त्याच संध्याकाळी शहरातल्या एग्मोरच्या कार्यालयात हवा होता. खरं लिहिलं तर यामिनीची नोकरी जाण्याची भीती, आणि खोटं लिहिलं तर त्याची. दोघं त्याबद्दल बोलायला लागतात न लागतात, तोच त्याचा फोन वाजला. "सरि, सरि" म्हणत त्याने होकार दिला, पिशवी उचलली आणि घाईने वळला.

"जाऊन येतों," म्हणाला.

यामिनीने डबा झाकून ठेवला. येईल, मग ठरवू काय लिहायचं ते. दोन वाजले, तीन वाजले. बाहेर नोव्हेंबरचा पाऊस पत्र्यावर धडधडत होता, तेव्हा तिला वाटलं, पावसात अडकला असेल. पाचला दिवे विझले, गॅस बंद झाला, आणि डबा तसाच होता. मग तिच्या मनाने नको ते जुळवलं. तोंडावर सांगायला जड गेलं, म्हणून "जाऊन येतो" म्हणत सटकला. खरं लिहून मोकळा झाला असणार. हसणं वगैरे सगळं गुरुवारपुरतं.

दुसऱ्यानं आपली चुगली करण्याआधी आपणच सांगावं, एवढा ताठा मेहकरच्या मुलीत होता. सकाळी ती थेट शेषाद्रींपुढे उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "सर, यंत्र ठीक आहे. आत मी बसत होते."

शेषाद्रींनी चष्मा काढला. "पण त्या मुलाने तर लिहिलंय, सेन्सर खराब आहे, बदलतो म्हणून."

त्याने तिला वाचवलं होतं, आणि तिने, स्वतःच्या तोंडाने, त्याला खोटं पाडलं होतं.

तिची नोकरी गेली नाही. यापुढे माणसांसारखं माणसांत बसून जेवायचं, एवढंच शेषाद्री म्हणाले. पण फोन प्राणेशच्या कंपनीला गेला. ती रोज कँटीनमध्ये बसू लागली. पॅनेलवरची रेघ सकाळपासून संध्याकाळपर्यंत सपाट राहू लागली, आणि तिला ती बघवत नव्हती. तिने त्याच्यासाठी अकरा निरोप लिहिले आणि अकराही पुसले. त्याच्याकडून एकही आला नाही.

गुरुवारी तो आला. झाकण उघडलं नाही, बसला नाही. पॅनेलचा पासवर्ड लिहिलेला कागद त्याने तिच्या हातात दिला. "सोमवारपासून मला होसूरला धाडलें. इकडे दुसरं कोणी येईल."

"माझ्यामुळे."

"काय म्हणून सांगितलंत तुम्ही?"

"तुम्ही परत आला नाहीत म्हणून!" तिचा बांध फुटला. "जाऊन येतो म्हणालात. मी पाच वाजेपर्यंत वाट पाहिली. जेवलेसुद्धा नाही."

"पांच वाजेपर्यंत?... अय्यो. यामिनी, आम्ही निघतांना हेंच म्हणतों. नुसतं 'जातों' म्हणूं नये, म्हणून जाऊन येतों. तमिळमध्यें म्हणतात ना, पोयिट्टु वरेन, तसंच. त्याचा अर्थ... निरोप."

"आमच्याकडे निरोप घेताना 'येतो' म्हणतात. 'जाऊन येतो' म्हणणारा कोपऱ्यावरून दूध घेऊन परत येतो!"

दोघंही हसले. पण तिचं हसणं अर्ध्यावर मोडलं. दोन शब्दांपायी तिने आपल्या हाताने या माणसाला इथून घालवलं होतं, आणि आता खरंच निरोपाची वेळ आली होती. होसूर म्हणजे सहा-सात तासांचा रस्ता.

"एक म्हणायचं आहे," तो कागदाकडे बघत म्हणाला. "पण मला शब्द नाही."

"तमिळमध्ये म्हणा. तेवढं कळतं आता."

"तमिळमध्यें येतो. इंग्रजींत अस्क्यांनाच येतो. तुम्हांला मराठींतच म्हणायचं आहे. आमच्या घरांत मराठी म्हणजे जेवलास कां, पाय धू, दिवा लाव. मुलीला कोणी कांही म्हटलेलं मी ऐकलेंच नाही. तुमच्याकडे... काय म्हणतात?"

"कशाला काय म्हणतात?" तिने उगाचच विचारलं. कान तापले होते.

"तेंच."

थट्टेवारी नेणं सोपं होतं. पण इतके दिवस ती मनातलं सगळं रोपांना सांगत आली होती, आणि आता गप्प राहिली असती तर सोमवारपासून पुन्हा रोपंच उरली असती. तिने कागदाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "...असं म्हणतात."

शाळेतल्या मुलासारखा तो सरळ उभा राहिला. "मला तू आवडतोस."

"तोस नाही, तेस. मी मुलगी आहे."

"मला तू आवडतेस," त्याने सावकाश म्हटलं. "मग आतां तुम्ही 'तोस' म्हणालां, तें?"

"ते बरोबर होतं," यामिनी म्हणाली.