मनगटावरचं मत

वरगावच्या आरोग्य उपकेंद्रात तापपट्ट्या वाटणं चालू होतं. विधानसभेची पोटनिवडणूक चार दिवसांवर आली होती आणि पारा सत्तेचाळीसला टेकला होता. तीन वर्षांपूर्वी याच मतदारसंघात मतदानाच्या रांगेत अकरा माणसं उष्माघातानं गेली होती. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या रांगेत मनगटावर पट्टी बांधूनच उभं राहायचं, असा नियम झाला. पट्टी नाडी मोजायची, कातडीचं तापमान मोजायची आणि हाताची हालचाल टिपायची. माणूस कोसळला की तालुक्याच्या उष्मा कक्षात त्याच क्षणी घंटा वाजायची. त्यानंतर रांगेत एकही जीव गेला नव्हता. कक्षाची प्रमुख शलाका उराडे हा आकडा मोठ्या अभिमानानं सांगत असे.

आज वाटपाला ती स्वतः बसली होती. गावातल्या सुमन आत्रामनं तिच्यासमोर पट्टी टेबलावर ठेवली. "हे मले नको."

"का हो? घट्ट होते का?"

"चुगली करते हे." सुमननं मागं वळून दार पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मार्चात ग्रामपंचायतीले मी सात नंबर दाबला. नवऱ्याले सांगतलं नाही, बाबाले सांगतलं नाही. चार दिवसांनी गिरणीवर गेली, तर खांडरेसाहेबाचा मुनीम म्हणते, 'सात नंबर लय आवडला वाटते.' त्या दिवशी सहा बायांले कामावरून काढलं. सहाही जणींनी सातच दाबला होता."

खांडरेची भातगिरणी म्हणजे आसपासच्या पाच गावांची रोजी. पट्ट्यांच्या देखभालीचं कंत्राट त्याच्याच मेहुण्याकडे होतं, त्यामुळे सगळ्या नोंदी तिथंही पोचायच्या. शलाका हसून म्हणाली, "अंदाज बांधला असेल त्यानं." पण सुमन निघून गेल्यावर तिनं मार्चची नोंद उघडली.

पट्टीनं हाताची प्रत्येक उचल जपून ठेवली होती. मतदानयंत्रावर बटणं एकाखाली एक असतात. वरच्या बटणासाठी हात थोडा जास्त लांबतो, खालच्यासाठी मनगट वाकतं. तिनं पुठ्ठ्यावर अकरा उमेदवारांची अकरा बटणं काढली आणि परिचारिका पुष्पा ढोक हिला पडद्याआड उभं केलं. पुष्पानं दहा वेळा बोट टेकवलं. शलाकानं नोंद पाहून आठ वेळा बरोबर आकडा सांगितला. पुष्पाची उंची हिशेबात धरल्यावर दहाच्या दहा.

"मॅडम," पुष्पा पडद्यातून बाहेर येत म्हणाली, "मग हे मत गुप्त कसं राहिलं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी शलाका निवडणूक निर्णय अधिकारी पद्माकर रोडगे यांच्यासमोर बसली होती. आमदारानं पक्ष बदलून राजीनामा दिल्यामुळे ही पोटनिवडणूक लागली होती. विधानसभेत सत्ताधारी आघाडीचं बहुमत काठावर होतं, त्यामुळे पाच पक्षांचे पुढारी वरगावात तळ ठोकून होते. रोडग्यांची झोप उडाली होती. तरी त्यांनी शांतपणे पट्टी बांधली आणि सरावाच्या यंत्रावर एक बटण दाबलं.

"चार," शलाका म्हणाली.

त्यांनी पुन्हा दाबलं, या वेळी मुद्दाम हात वळवून.

"नऊ."

रोडग्यांनी पट्टी काढली. "दारातच काढून ठेवायला लावू. आत जाताना टोपलीत टाकायची, बाहेर येताना घ्यायची."

"सक्ती करता येईल?"

"नाही. नियम वरून आलाय, बदलायचा तर वरूनच. विनंती करता येईल फक्त."

"मग जो काढेल तो खांडरेच्या विरोधातला, असंच धरलं जाईल. पट्टी काढल्याचीही वेळेसकट नोंद होते. गिरणीवर आत्ताच सांगितलंय, आतमध्ये पट्टी काढाल तर आम्हाला कळेल म्हणून."

रोडग्यांनी तिच्यासमोरच तातडीचं पत्र पाठवलं. खांडरेच्या मेहुण्याविरुद्ध पोलिसांतही तक्रार दिली. पण मतदानाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत वरून उत्तर आलं नाही, आणि पुराव्याची छाननी व्हायला आठवडा लागेल असं पोलिसांनी कळवलं.

मतदानाच्या सकाळी साडेसहाला शलाकानं कक्षाचं दार आतून लावून घेतलं. दुरुस्तीच्या वेळी वापरायची एक चावी तिच्याकडे होती. त्या चावीनं सगळ्या पट्ट्यांची हालचाल टिपणं बंद करता येत होतं. नाडी आणि तापमान चालूच राहणार होतं. मात्र माणूस पडला तर घंटा वाजणार नव्हती. तिनं प्रत्येक केंद्रावरच्या आशा कार्यकर्तीला फोन करून सांगितलं, "आज पट्टीच्या भरवशावर राहू नका, रांगेवरची नजर काढू नका." कारण मात्र कोणालाच सांगितलं नाही. बातमी गिरणीपर्यंत पोचायला दहा मिनिटंही लागली नसती. तिनं चावी फिरवली. पडद्यावरची हालचालीची रेघ सपाट झाली.

दुपारपर्यंत अठरा इशारे आले. सगळे वेळेत कळले. पाणी, सावली, मीठसाखर, दोघांना सलाईन. एक वाजता खांडरेच्या मेहुण्याच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, तुमच्याकडं हालचाल दिसते का? आमच्याकडं काहीच येईना."

"इथं सगळं ठीक आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन वाजून पाच मिनिटांनी शाळेमागच्या नळावर देवाजीबाबांनी तोंड धुतलं, दोन्ही हातांवर पाणी ओतलं आणि पलीकडच्या भिंतीच्या सावलीत एकटेच बसले. ते सुमनचे वडील, वय अडुसष्ट. रांगेत नीट उभे राहिले होते, मत देऊन आले होते. ओल्या पट्टीनं तापमान बरंच कमी दाखवलं. रक्तदाबाच्या गोळीमुळे नाडीही फारशी चढली नाही. ते कुशीवर कलंडले तेव्हा उष्मा कक्षात काहीच वाजलं नाही. आशा कार्यकर्ती रांगेवर लक्ष ठेवून होती. शाळेमागं पाणी भरायला गेलेल्या बाईला ते दिसले, तोवर पंचवीस मिनिटं गेली होती.

तीन दिवसांनी मतमोजणी झाली. जिल्हा रुग्णालयाच्या वऱ्हांड्यातल्या टीव्हीवर फेरीमागून फेरी येत होती. खांडरेचा उमेदवार आधी पुढे होता, मग गिरणीच्या पाच गावांची यंत्रं उघडली आणि तो मागं पडत गेला. शेवटी चारशे बारा मतांनी हरला. बाहेर कुणीतरी फटाके लावले. त्या पाच गावांत कुणी कुणाला मत दिलं, हे या वेळी कुणालाही सांगता येणार नव्हतं.

आत देवाजीबाबा डोळे उघडे ठेवून पडले होते. जीव वाचला होता. वाचा परत येईल की नाही, ते डॉक्टर सांगत नव्हते. शलाका खाटेपाशी आली तशी सुमननं उठून तिला स्टूल दिलं.

शलाका बसली नाही. "सुमनबाई, त्या दिवशी घंटा वाजली नाही, कारण मी ती बंद केली होती. तुम्ही सांगितलं ते खरं होतं. कुणाचं मत कळू नये म्हणून मीच पट्ट्यांची हालचाल थांबवली. मी आज रोडगेसाहेबांना लेखी दिलंय. चौकशी होईल."

सुमननं बापाच्या पायावरची चादर सारखी केली. "माह्यासाठी केलं का हे?"

"सगळ्यांसाठी."

"चांगलंच केलं असंन." तिचा आवाज चढला नाही. "पोलीस तक्रारीच्या धाकानं मंगळवारपासून गिरणीवर परत बोलावलं मले. मुनीम आता नजर वर करत नाही." मग तिनं पहिल्यांदा शलाकाकडे सरळ पाहिलं. "पण बाई, घंटा वाजणार नाही हे मले ठाऊक असतं, तर मी बाबाले एकटं बसू दिलं नसतं. दिवसभर हात धरून राहिली असती. गिरणीवाल्यांनी आमाले न विचारता पाहिलं, तुमी आमाले न विचारता बंद केलं. आमाले कोणी विचारायचं होतं का नाही?"