सगळ्यात वरिष्ठ पदक

"पेटी उघडली, पण आत पदकंच नाहीत," रुद्रने दारातूनच सांगितलं आणि हर्षलाची चकली हातातच राहिली.

चकली शेजारच्या समीक्षाच्या घरची होती. आजोबांना जाऊन चार महिनेही झाले नव्हते, म्हणून यंदा कडावच्या घरात ना कंदील, ना फराळाची कढई. रीतीप्रमाणे शेजारीपाजारी डबे आणून देत होते आणि रुद्र ते मनोभावे रिकामे करत होता. दिवाळीच्या सुट्टीला हर्षला दरवर्षी कल्याणहून इथे यायची ती आजोबांबरोबर किल्ला बांधायला. यंदा किल्लाही नव्हता. होता तो फक्त रविवारचा कार्यक्रम. गावातल्या शाळेच्या वाचनालयाला कॅप्टन आबाजी रसाळ यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. शिपाई म्हणून भरती झालेले आजोबा कॅप्टन होऊन परतले, याचा गावाला कोण अभिमान! त्यांच्या पलटणीतले जुने सोबतीही यायचे होते. आजीने एकच गोष्ट मागितली होती, फोटोसमोर त्यांची पदकं मांडा.

आता पदकं कुठे गेली? आजीला वाटत होतं, ती राजेशने, म्हणजे रुद्रच्या बाबांनी, नीट ठेवली असतील. राजेशकाकांना वाटत होतं, ती ट्रंकेतल्या पेटीतच आहेत. पेटीची किल्ली आज सापडली, तेव्हा दोघांचाही भरवसा फोल ठरला.

काका डगमगले नाहीत. ओटीवर उभे राहून ते फोनवर कुणाला तरी सांगत होते की मुंबईत दुकानात हुबेहूब तशीच पदकं मिळतात, शनिवारी चार-पाच घेऊन ये, फोटोसमोर लांबून कोण बघायला येतंय!

खांबाआड हर्षला, रुद्र आणि डबा घेऊन आलेली समीक्षा, तिघंही उभी होती. रुद्रचे कान लाल झाले. आपल्याच बाबांबद्दल काय बोलणार? हर्षलाला मात्र फार वाईट वाटलं. आजी त्या पदकांवरून हात फिरवणार, आणि हात फिरवल्याबरोबर तिला कळणार. मग ती उठून आत जाऊन बसेल. ते हर्षलाला नको होतं.

"चला शोधायला," म्हणत रुद्र धावलाही.

"थांब रे. आजोबा काय सांगायचे? आधी बघा, मग बोला, मग धावा."

"आणि आपलं नेहमी उलटं," समीक्षाने वाक्य पूर्ण केलं. आजोबा ते वाक्य तिथेच संपवायचे.

म्हणून त्यांनी आधी पेटी बघितली. आतली मखमल रिकामी होती, पण तिच्या शिवणीत पिवळसर काहीतरी अडकलं होतं. हर्षलाने ते नखाने काढलं, बोटांत चुरलं, आणि थोड्या वेळाने बोटं खाजायला लागली.

"तूस आहे हे. भाताचं." समीक्षाच्या घरी शेती होती, तिला ओळखायला वेळ लागला नाही. "पण ट्रंकेत भात कुठून आलं?"

हर्षलाला एकदम आठवलं. पंधरा ऑगस्टलाही ती इथे यायची, आणि आदल्या दिवशी आजोबा पदकं पुसायला काढायचे. फितींवरचं तूस जुन्या टूथब्रशने झटकायचं काम हर्षलाचं असायचं आणि हात असेच खाजायचे. शेवटी रुमालात गुंडाळलेलं एक उरायचं. ते मात्र आजोबा कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. म्हणायचे, हे सगळ्यात वरिष्ठ आहे, याला कॅप्टननेच हात लावायचा.

"अगं, पावसाळ्यात ती पेटीत नसायचीच," हर्षला म्हणाली. "इथल्या पावसात चपलेलासुद्धा बुरशी येते. आजोबा ती भातात ठेवत असणार. भातात ओल लागत नाही ना!"

आणि आजोबा गेले ते आषाढात. पंधरा ऑगस्ट त्यांना मिळालाच नाही. पदकं भातातून बाहेर यायचीच राहिली होती.

तिघंही मागच्या पडवीत पळाली. भात साठवायची, शेणाने सारवलेली, रुद्रपेक्षा उंच अशी बांबूची कणगी वर्षानुवर्षं तिथे उभी असायची. आता तिथे नवा रंग दिलेली भिंत होती आणि जमिनीवर एक गोल डाग होता. भांडी घासायला आलेल्या ठकीमावशींना विचारलं, तर त्यांनी हातच झटकला.

"ती कनगी? ती कवाच गेली रं. रंग द्यायच्या टायमाला राजेशभावांनी टेंपोत घातली. चौक गावाला ते नवं हाटेल हाय ना, त्यांना शोभेला पायजे व्हती. मी म्हनलं, तळाचं भात तरी काढून घिऊ. तर म्हनले, राहू दे, तेवढ्या वजनानं ती उभी राहील."

रुद्रने कपाळावर हात मारला. बाबांचा आळस त्याला ठाऊक होता. आज तोच आळस कामाला आला, असंही म्हणता आलं असतं.

गावातला हरेशदादा रोज सकाळी टेंपोने चौकच्या ढाब्यांना दूध घालायचा. दुसऱ्या दिवशी तिघं दुधाच्या कॅनच्या गर्दीत अंग चोरून बसली. आजीला फक्त फिरायला जातो म्हणून सांगितलं होतं. उगीच आशा लावायची आणि रिकाम्या हाताने परत यायचं, हे हर्षलाला करायचं नव्हतं.

हॉटेल जुन्या महामार्गावरच होतं. दाराशी बैलगाडीचं चाक, जातं, भिंतीवर टांगलेली सुपं, आणि मधोमध त्यांची कणगी! तिच्या तोंडावर थर्माकोल बसवून त्यात प्लास्टिकच्या लोंब्या खोचल्या होत्या. भाताच्या गावातून आणलेल्या कणगीवर प्लास्टिकचं भात! समीक्षाला हसू आवरेना.

रुद्र सरळ व्यवस्थापकांपुढे गेला आणि ही आमच्या आजोबांची कणगी आहे, आम्हाला आत बघायचंय, असं सांगून टाकलं. फेटा बांधलेल्या त्या गृहस्थांनी मालक आल्याशिवाय शोभेच्या वस्तूंना हात लावायचा नाही, असं बजावून त्याला वाटेला लावलं.

हर्षला कणगीजवळच्या बाकावर बसून बघत राहिली. फटीतून बारीक काळे किडे बाहेर पडत होते. एकामागून एक ते भिंतीवरून जवळच्या टेबलाकडे निघाले होते. ती उठली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "काका, तुमच्या कणगीत सोंडे झालेत. जुनं भात आहे ना आत! ते बघा, त्या काकांच्या मिसळीपर्यंत पोचतील आता."

व्यवस्थापकांनी बघितलं, आणि त्यांचा फेटा थोडा सरकला. गिऱ्हाइकं यायची वेळ, साफ करायला माणूस नाही.

"आम्ही काढून देतो की भात," हर्षला म्हणाली. "आमच्या घरचीच कणगी आहे, सवय आहे आम्हाला."

"बदल्यात वडापाव," रुद्रने घाईघाईने भर घातली.

मागच्या अंगणात तिघांनी कणगी आडवी केली. अंगाला खाज सुटली, नाकात धूळ गेली. भात जवळजवळ संपत आलं तेव्हा समीक्षाचा हात कशावर तरी आपटला. लष्करी जेवणाचा पत्र्याचा डबा होता तो, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधलेला. झाकणावर खिळ्याने कोरलं होतं, 'आबाजी रसाळ'. रुद्रला वडापावची आठवण राहिली नाही. हर्षलाने डबा छातीशी धरला आणि तिला रडू आलं. तो उघडायचा मान आजीचा, हे कुणालाही सांगावं लागलं नाही.

घरी आल्यावर सगळ्यांसमोर आजीने पट्टी सोडवली. डब्यातही मूठभर भात होतं; त्यातून एकेक पदक कोरडं, चकचकीत बाहेर आलं. काका मान खाली घालून उभे होते. मग आजीने रुमाल उलगडला.

आत पुठ्ठ्याचा एक गोल होता. त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवलेली, वर वेणीची लाल रिबीन आणि एक सेफ्टी पिन.

हर्षलाने ते स्वतःच केलं होतं, बालवाडीत असताना. शाळेच्या शर्यतीत ती पडली होती. सगळे पुढे गेले, तेव्हा आजोबा दोरीखालून आत शिरले आणि तिचं बोट धरून शेवटपर्यंत चालत आले. दोघंही शेवटची. बक्षीस दोघांनाही मिळालं नाही, म्हणून घरी येऊन तिने आजोबांसाठी पदक बनवलं होतं. ती ते केव्हाच विसरली होती.

"मला ठाव व्हतं," आजी हळूच म्हणाली. "पन सांगायला बंदी व्हती."

काकांनी त्याच संध्याकाळी फोन करून मुंबईचा बेत मोडला आणि कानाला खडा लावला. मुलांनी डोळे उघडले नसते, तर मी आपल्याच वडिलांची किंमत दुकानातून आणली असती, असं ते आजीला सगळ्यांदेखत म्हणाले. रविवारी पहाटेच ते टेंपो घेऊन गेले, मालकांना भेटून कणगी परत घेऊन आले.

कार्यक्रमाला शाळेचं पटांगण भरलं. पलटणीतले म्हातारे सुभेदार बुधाजी काठी टेकत फोटोजवळ आले. पदकं लावण्याचा एक क्रम असतो, मानाचं पदक आधी. म्हणून ते ओळ बारकाईने तपासत होते. पहिल्याच पदकाशी ते थबकले.

"वहिनी, हे कुठल्या लढाईचं?"

आजीने हर्षलाला पुढे घेतलं. "हिला इचारा. हिनंच दिलंय. सगळ्यात वरिष्ठ हाय ते, ह्यांचाच हुकूम."

हर्षलाने शर्यतीची गोष्ट सांगितली. सुभेदारांनी ती शांतपणे ऐकली, तिच्या पाठीवर आणि मग रुद्र-समीक्षाच्या पाठीवरही थाप मारली. काठी रुद्रकडे दिली, आणि चांदीच्या त्या चुरगळलेल्या गोलासमोर ताठ उभं राहून कडक सलाम ठोकला.