वाक्कळीचा ‘बंद’

“बाई, ही चूक नाही. ही तिची हुशारी आहे,” याकूब मुजावर पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले, पण आवाजात कौतुक नव्हतं.

डॉ. सुनेत्रा वैरागडे यांच्या कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत जन्मलेली वाक्कळ आता घराघरांत पोचली होती. भिंतीवरची बटणं गेली. माणसानं बोलायचं आणि विजेनं ऐकायचं. तारांचं काम मुजावरांचं, शब्दांचं सुनेत्राबाईंचं.

“‘बंद’ शब्दाचा घोळ आपण कसा सोडवला, आठवतंय?” मुजावरांनी विचारलं.

“न आठवायला काय झालं? घरात दिवा बंद म्हणजे वीज तोडलेली. शास्त्रात परिपथ बंद म्हणजे वर्तुळ पुरं झालेलं, वीज वाहती. म्हणून वाक्कळ आधी बोलणारा पारखते. साध्या माणसाला साधा अर्थ, जाणकाराला शास्त्रीय.”

“आणि साधा माणूस शिकत गेला तर?”

बाई हसणार होत्या, पण राहिल्या.

त्यांचे यजमान मधुसूदनराव पोस्टातून निवृत्त झाल्यापासून घरचं वायरिंग शिकत होते. उत्साह तर विचारू नका! फेज, न्यूट्रल, अर्थिंग समजलं; टेस्टर लावल्याशिवाय तारेला शिवायचं नाही, हेही पाठ झालं. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायची खोड जुनी. चहा मागतानाही तोंडी रोध आणि विभवांतर! बाईंना त्या बडबडीचं फार कौतुक वाटायचं. वाक्कळही ती रोज ऐकत होती.

“आज सकाळी तुमच्या साहेबांना बढती मिळाली,” मुजावर म्हणाले. “वाक्कळ त्यांना जाणकार समजते.”

मधुसूदनराव आज गिझरचा पॉइंट बदलणार होते. बाईंनी फोन लावला, कुणी उचलेना. मग त्यांनी थेट घराच्या वाक्कळीला जोडून घेतलं; घरातलं सगळं ऐकू यायचं, पण बाईंचा आवाज फक्त वाक्कळीलाच पोचायचा. पलीकडे भांड्यात स्क्रू पडल्याचा आवाज आला आणि यजमानांचं गुणगुणणं.

“काय करताहेत ते?”

“गिझरचा पॉइंट उघडलाय,” वाक्कळ गोड आवाजात म्हणाली. “परिपथ बंद कर म्हणाले, मी केला. टेस्टर लावणार होते, पण आधी मला विचारलं. बंद आहे म्हटल्यावर त्यांनी तो खिशात ठेवला.”

शिकलेला माणूस होता म्हणून वाक्कळीनं शास्त्रीय अर्थ घेतला होता. अडाणी असता तर वीज तुटली असती आणि तो सुखरूप राहिला असता. बाईंना रडू फुटलं.

पलीकडून मधुसूदनरावांचा खुशीतला आवाज आला. “परिपथ बंद! चला, आता हात घालायला हरकत नाही.”

‘खुला कर’, म्हणजे वर्तुळ तोड, एवढंच म्हणायचं होतं. ते दोन शब्द बाईंनी स्वतः वाक्कळीला शिकवले होते. पण भेदरलेल्या माणसाच्या तोंडी पाठ्यपुस्तक येत नाही, घरची बोली येते.

“अगं, बंद कर!” बाई किंचाळल्या. “बंद कर गं, बंद कर!”

“बंदच आहे, बाई,” वाक्कळ म्हणाली.