आईचा पायगुण

पटलं तर वाचा, नाही पटलं तर पुढं जा. पण खोटं म्हणू नका.

ज्याच्यासोबत हे घडलं तो परमेश्वर माझा मावसभाऊ. भुताखेतांवर हसणारा माणूस. देवापुढं नारळ फोडतानासुद्धा खोबरं कसं निघतंय याकडं त्याचं लक्ष. आणि त्याची आई म्हणजे माझी धुरपदामावशी. तिच्या हातचं खाऊन मी लहानाचा मोठा झालो.

घडलं ते मागच्या पौषात. गंगाखेडहून परभणीकडं येणारा रस्ता, पोखर्णीच्या अलीकडं. दिवस मावळायची वेळ.

पण आधी गाडीचं सांगतो.

परमेश्वर बियाणांच्या कंपनीत फिरतीवर असतो. आज मानवत, उद्या गंगाखेड. दसऱ्याला त्यानं एक जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली. चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढीच. पण ॲव्हरेज चांगलं देते म्हणे, म्हणून घेतली.

मावशीनं गाडीला ओवाळलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. परमेश्वरनं गाडी पुढं घेतली, लिंबू चपटं झालं.

पण जमिनीवर रसाचा टिपूसही नव्हता…

लिंबू कोरडं निघालं असेल, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

पेट्रोलच्या बाबतीत परमेश्वर पक्का चिक्कू. एसीचं बटण त्याच्या लेखी शोभेचं. उतार लागला की पाय वर, रेल्वे फाटक लागलं की गाडी बंद. माझी वहिनी, सविता, म्हणायची, "हे गाडीत बसत न्हाईत, पेट्रोलच्या काट्यावर बसत्यात."

एका शनिवारी तो मावशीला घेऊन पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेला. मावशी अंगानं भरलेली. कासाराला बांगड्या भरायच्या म्हणजे तिच्या हाताला साबण लावावा लागायचा. गाडीत बसवायला दोघं लागले. एकानं धरायचं, एकानं मागून लोटायचं. मावशी स्वतःच हसत होती.

दर्शन झालं. पुढं परभणीत बाजार केला. संध्याकाळी घरी आले.

काटा जिथल्या तिथं होता.

परमेश्वरला आधी वाटलं, काटा बिघडला. पण दुसऱ्या दिवशी तो एकटाच मानवतला गेला, तर काटा शहाण्यासारखा खाली आला. पुढच्या वेळी आई शेजारी बसली, काटा पुन्हा जागचा हलला नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी त्याची गत झाली.

"आई, तुझा पायगुण हाय! तू बसलीस की गाडी पेट्रोलच पीत न्हाई."

"मग मला रोज नेत जा की," मावशी म्हणाली. आयुष्य रानात गेलेली बाई. तिला गाव सोडून कुठं जायला मिळालं होतं?

आणि तो तिला रोज न्यायला लागला.

तो दुकानदारांशी बोलत बसायचा आणि मावशी गाडीत, डाव्या सीटवर. तिला कधी कंटाळा आला नाही. खाली उतर, पाय मोकळे कर म्हटलं तर म्हणायची, "असू दे. बरं वाटायलंय हितं."

तिचा उजवा हात मांडीवर असायचा. हळूहळू हलत असायचा. थोपटल्यासारखा…

दिवाळीनंतर सविता वहिनीच्या लक्षात आलं.

"आवं, आत्याबायच्या हातात बांगडी राहीना झालीय."

खरंच मावशीच्या हातात राहत नव्हती. हात खाली सोडला की बांगड्या बोटांपर्यंत यायच्या. गालाची हाडं वर आली होती. परभणीला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. साखर ठीक, रक्त ठीक. डॉक्टर म्हणाले, वयोमानानं होतं, चांगलं खाऊ घाला. मावशी दोन माणसांचं जेवायची. अंगाला काही लागायचं नाही.

आणि परमेश्वर तिला न्यायचा थांबला नाही. हवापालट होतोय, असं तो म्हणायचा. पेट्रोल वाचतंय, हे मनातल्या मनात. या एका गोष्टीसाठी मला त्याचा अजून राग येतो. तो माझ्याहून जास्त स्वतःवर रागावलेला आहे, ते वेगळं.

मग ती संध्याकाळ आली.

गंगाखेडहून दोघं परत निघाले होते. कारखाना चालू होता, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. पोखर्णीच्या अलीकडं एक ट्रॉली उलटली होती. मोळ्या रस्ताभर. पुढं वाहनांची रांग.

परमेश्वरनं सवयीनं गाडी बंद केली. चावी काढून खिशात टाकली. थंडी होती, म्हणून काचा वर होत्या.

पुढचे ट्रॅक्टरही एकेक करून बंद झाले.

सगळं शांत झालं…

आणि त्याला ऐकू आलं.

घट्…

घट्… घट्…

त्याला वाटलं, आई बाटलीतून पाणी पितेय. त्यानं पाहिलं. बाटली मागच्या सीटवर पडली होती. मावशी डोळे मिटून बसली होती. तोंड बंद.

घट्… घट्…

आवाज तिच्या मांडीवरून येत होता.

मांडीवर काहीच नव्हतं. पण लुगडं तिथं दबलेलं होतं. एखादं डोकं टेकलंय तसं. आणि मावशीचा हात… त्या दबलेल्या जागेच्या जरा वर… थोपटत होता.

परमेश्वरची नजर काट्यावर गेली. चावी काढली की काटा तळाला जाऊन पडतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

काटा वर चढत होता.

घट्… जरासा वर. घट्… आणखी जरासा.

"आई!"

मावशीनं डोळे उघडले नाहीत. त्यानं तिला हलवलं. मान एका बाजूला कलली. हातातली एक बांगडी निसटून खाली पडली.

तो दार उघडून पळत पलीकडं गेला. डावं दार ओढलं. दार उघडेना. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. त्यानं पाय लावून जोर केला तेव्हा ते सुटलं. त्यानं आईला पाठीवर घेतलं.

आणि तिथं तो रडला.

ज्या आईला गाडीत बसवायला दोघं लागायचे, ती पाठीवर आहे की नाही हेच त्याला कळेना. वाळलेल्या तुराट्यांची पेंढी घ्यावी, तेवढंच ओझं.

उसाच्या मोळ्या तुडवत तो पुढं पळाला. ऊसतोडीच्या टोळीतला आश्रुबा नावाचा माणूस मदतीला धावला. "दादा, कामून रडायलाव? श्वास चालू हाय म्हातारीचा," असं म्हणत त्यानं ट्रॉलीच्या पलीकडं थांबलेली एक जीप वळवून दिली.

जीपमध्ये बसताना परमेश्वरनं मागं पाहिलं. रांगेत त्याची पांढरी गाडी उभी होती. डावं दार तो उघडंच टाकून आला होता.

ते आता लावलेलं होतं.

मावशी वाचली. तीन आठवडे दवाखान्यात होती, मग घरी आली. अंगावर हळूहळू मांस चढलं. होळीला कासार आला तेव्हा पुन्हा साबण लागला. सविता वहिनी तर आनंदानं रडली.

परमेश्वरनं गाडी ओढून आणली. बॅटरी काढली, टाकी रिकामी केली. रानातल्या शेडमध्ये लावून कुलूप घातलं. ज्याच्याकडून घेतली त्याला विचारलं, तर तो म्हणाला, गाडी बाहेरच्या जिल्ह्यातून आली होती, आधी कुणाकुणाकडं होती ते त्यालाही माहीत नाही. चांगलं गिऱ्हाईक आलं होतं, पण परमेश्वरनं नाही म्हटलं.

"त्यालाबी आई असंल की," एवढंच तो मला बोलला.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडं गेलो होतो. भर दुपार. परमेश्वर फिरतीवर, हल्ली एसटीनं जातो. मावशी घरात दिसेना.

"रानात गेल्यात," वहिनी म्हणाली. "रोजच जात्यात दुपारच्या. चालल्यानं बरं वाटतंय म्हनत्यात."

मी रानात गेलो. मावशी कुठंच नव्हती. हाक मारणार, तेवढ्यात बांगड्या वाजल्या…

आवाज शेडमधून आला.

कुलूप कडीला उघडंच लटकत होतं. चावी परमेश्वर स्वतःजवळ ठेवतो, हे मला माहीत होतं. मी दार ढकललं.

मावशी गाडीत बसली होती. डाव्या सीटवर. मांडीवर हात, हात हळूहळू हलत होता. मला पाहून तिनं ओठावर बोट ठेवलं.

"हळू रे. आत्ताच डोळा लागलाय त्येचा."

मी विचारलं, "मावशी… कुलूप कुणी काढलं?"

"त्येनंच." ती हसली. "किती दिवस रडायलं व्हतं. घरापर्यंत ऐकू यायचं. तुमाला कुनालाच कसं ऐकू येईना? मी आई हाय रे. मला कसं ऐकवंल?"

मी काट्याकडं पाहिलं. गाडीला बॅटरी नव्हती. टाकीत थेंब नव्हता.

काटा अर्ध्यावर होता.

मी तिचा हात धरून तिला बाहेर काढलं. ती नाही म्हणाली नाही, पण मागं वळून वळून बघत होती. बांधावरून चालताना तिच्या बांगड्या घसरून माझ्या बोटांवर आल्या.

त्याच रात्री परमेश्वरला फोन करून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं भंगारवाल्याला बोलावलं. पण मावशी जाऊन शेडच्या दारात आडवी झाली. "आधी मला तोडा," म्हणाली. भंगारवाला आल्या पावली परत गेला.

आता तिला घराबाहेर सोडत नाहीत. वहिनी दिवसभर सोबत असते, परमेश्वर रात्री दारात अंथरूण टाकतो.

काल मी मावशीला फोन केला. बरी आहे म्हणाली. जेवले म्हणाली. मग आवाज बारीक करून तिनं मला विचारलं.

"बाळा, तुला येतंय का रं ऐकू?"

मी नाही म्हणालो.

खोटं बोललो.